नक्षी बांधावर सापडते

प्रश्न : आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली आहे, पण नक्षी सुचत नाही. काय करू, काकू? – एक वाचक, गुहागर

उत्तर : अगं, भाताची लावणी झाली की बांधावर उभी राहून खाचरं बघ. एकही चौकोन सरळ नसतो. बांध वळेल तसं खाचर वळतं. माझी पहिली गोधडी तशीच झाली. पोपटी तुकडे रोपांचे, मातकट काठ बांधांचे. लाल रंग मला वैशाखात वाळत घातलेल्या कोकमांनी दिला, अगदी काळपट लाल. आधी मोठे कच्चे टाके घाल, म्हणजे थर सरकणार नाहीत. मग धावदोरा; त्याच्या ओळी पोफळीच्या खोडावरच्या कड्यांसारख्या जवळजवळ. आईचा पदर मात्र कापू नकोस, अख्खा उशाकडे लाव.