वाचकांचे प्रश्न : जीन म्यूर यांची कारकीर्द आणि साध्या कपड्यांमागचे कसब

विसाव्या शतकातील ब्रिटिश फॅशनविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांत जीन म्यूर यांचे नाव पुन्हा पुन्हा आले आहे. त्यांतील पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकसारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : जीन म्यूर यांच्या कपड्यांची छायाचित्रे पाहिली. गडद निळा झगा, लांब बाह्या, चार बटणे, याखेरीज त्यांत काही दिसले नाही. तरीही त्यांची गणना ब्रिटनच्या थोर डिझायनरांमध्ये का होते? त्या या व्यवसायात कशा आल्या?

छायाचित्रावरून या कपड्यांची पारख करणे अवघड आहे, कारण स्थिर उभ्या असलेल्या अंगासाठी ते बेतलेलेच नव्हते. चालताना, हात वर करताना, बसून उठताना कापड कसे हलेल आणि पुन्हा जागेवर कसे येईल, याचा विचार करून म्यूर ते बेतत असत. अंगातल्या कपड्यात बाहीचा घेर मनगटापाशी किती अलगद उतरतो, हे छायाचित्र सांगू शकत नाही.

त्यांचा जन्म १७ जुलै १९२८ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचे घराणे स्कॉटिश होते. आईवडील विभक्त झाल्यावर आईने त्यांना बेडफर्ड येथे वाढवले. विणकाम, भरतकाम आणि शिवणकाम त्यांना अगदी लहान वयातच येऊ लागले होते. शाळा सुटल्यावर काही काळ कचेरीतली कामे करून १९५० मध्ये त्या लंडनच्या लिबर्टी या प्रसिद्ध दुकानात लागल्या, त्या थेट मालाच्या कोठारात. तेथून त्या विक्रीच्या काउंटरवर आल्या आणि पुढे तयार कपड्यांच्या विभागात रेखाटने करू लागल्या. लिबर्टी म्हणजे उत्तम कापडाचे माहेरघर, आणि कोठारात काम करणाऱ्या माणसाला कापड आधी हाताने कळते, डोळ्याने नंतर. म्यूर यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ मला या वर्षांत दिसते.

१९५६ मध्ये त्या येगर या कंपनीत गेल्या. लोकरी आणि विणीच्या कपड्यांसाठी नावाजलेल्या या कंपनीत त्यांनी सुमारे सहा वर्षे काम केले, आणि कारखान्यात कपडा शेकड्यांनी तयार होतो तेव्हा त्याची आखणी किती काटेकोर असावी लागते हे त्या तेथेच शिकल्या. १९६२ मध्ये एका कापड उत्पादकाच्या पाठबळावर ‘जेन अँड जेन’ या नाममुद्रेचे काम सुरू झाले. बाथ येथील संग्रहालयासाठी फॅशनविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांकडून त्या काळी दरवर्षी एक पोशाख ‘वर्षातील पोशाख’ म्हणून निवडला जात असे. १९६३ मध्ये या प्रथेची सुरुवात डिझायनर मेरी क्वांट यांच्या पोशाखाने झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६४ मध्ये, म्यूर यांचा पोशाख निवडला गेला. पुढे १९६८ आणि १९७९ मध्येही हा मान त्यांना मिळाला. १९६६ मध्ये त्यांनी पती हॅरी लॉइकर्ट यांच्या साथीने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. लॉइकर्ट हे पेशाने अभिनेते होते. त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दशके, म्यूर यांनी त्याच नावाखाली काम केले.

प्रश्न : मी घरी शिवणकाम करते. साधा कपडा शिवणे सोपे असते असा माझा समज होता, परंतु जर्सीचा एक साधा झगा शिवायला घेतला आणि तो खांद्यापासून घेरापर्यंत वेडावाकडा झाला. म्यूर यांचे बहुतेक काम जर्सीतच होते असे वाचले. त्यांना ते कसे साधले?

आपल्या प्रश्नात म्यूर यांच्या कारकिर्दीचा गाभाच आला आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देत आहे.

सुती किंवा रेशमी साध्या कापडात उभे धागे ताणलेले असतात आणि आडवे धागे त्यांतून जातात, त्यामुळे कापड आपला आकार धरून राहते. जर्सी म्हणजे होजिअरीचे कापड. त्यात एकच धागा फाशांत फासा अडकवत पुढे जातो आणि प्रत्येक फासा ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. म्हणूनच हे कापड अंगाबरोबर हलते, आणि म्हणूनच ते शिवणाऱ्याला छळते. कापलेली कड गुंडाळली जाते, मशिनच्या दाबाखाली शिवण ताणली जाऊन लाटांसारखी होते आणि स्वतःच्याच वजनाने कपडा हळूहळू खाली उतरतो. आपला झगा खांद्यापाशी बिघडला असेल, तर त्याचे कारण बहुधा हेच असावे की सगळ्या झग्याचे वजन त्या दोन छोट्या शिवणींवर आले आणि त्यांना आधार नव्हता. खांद्याच्या शिवणीत न ताणणारी अरुंद फीत घालावी, बेतण्यापूर्वी कापड सपाट पसरून काही तास तसेच राहू द्यावे, सुई गोल टोकाची वापरावी, आणि खालची दुमड घालण्याआधी झगा दिवसभर टांगून ठेवावा, म्हणजे जे उतरायचे ते आधीच उतरेल.

म्यूर यांची आवडती जर्सी रेयॉनची, बिनचकाकीची होती. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनते. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १८९२ मध्ये व्हिस्कोसच्या, म्हणजे रेयॉन बनवण्याच्या एका पद्धतीच्या, प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि कॉर्टाल्ड्स या कंपनीने १९०४ मध्ये तिचे ब्रिटनसाठीचे हक्क विकत घेऊन कॉव्हेंट्रीला कारखाना उभारला, असा तिचा इतिहास आहे. या धाग्याची जर्सी सुती जर्सीपेक्षा जड आणि थंड लागते, आणि अंगावरून संथपणे खाली येते. हाच तिचा गुण म्यूर यांनी हेरला. वजन लपवण्याऐवजी त्यांनी ते कामाला लावले: खांद्यापाशी किंवा छातीच्या वरच्या पट्टीत घेर बारीक टक्समध्ये, म्हणजे दुमडून शिवलेल्या अरुंद चुण्यांत, घट्ट धरायचा आणि टक्स संपतात तेथून कापड मोकळे सोडायचे. मग वजनच घेराला सरळ ओढून धरते, अस्तराची गरज उरत नाही आणि अंगावर कोठेही कापडाचा फुगवटा येत नाही.

दुसरी गोष्ट टिपांची. म्यूर यांच्या कॉलर, कफ आणि पट्ट्यांवर वरून मारलेल्या समांतर टिपांच्या रांगा आढळतात, एकीपासून दुसरी अगदी सारख्या अंतरावर. लांबून पाहणाऱ्याला त्या दिसतही नाहीत, कारण दोरा कापडाच्याच रंगाचा असतो. या टिपा सजावट आहेतच, पण त्यांचे खरे काम कापडाला ताठपणा देण्याचे आहे. एरवी कफात कडक कापड घालून जे साधतात, ते येथे टिपांच्या रांगा साधतात आणि कफ तरीही मऊ राहतो. अशा टिपांत एक ओळ केसभर सरकली तरी लगेच नजरेत भरते. फुलाफुलांच्या छापील कापडावर वाकडी टीप खपून जाते, पण एकरंगी गडद निळ्या कापडावर ती लपवायला जागाच नसते. साधा कपडा सोपा नसतो तो या अर्थाने, आणि म्यूर यांच्या कामाची खरी प्रत माझ्या मते येथेच कळते.

सुएड या मखमली पोताच्या मऊ चामड्याच्या बाबतीतही त्यांनी असेच धाडस केले. हे चामडे कोट आणि जाकिटांचे सामान आहे असे मानले जात असताना, त्यांनी ते कापडासारखे बेतले, त्याचे झगे आणि अंगरखे शिवले आणि काही ठिकाणी बारीक छिद्रांची नक्षी पाडून ते हलके केले. चामड्यात उसवून पुन्हा शिवण्याची सोय नसते, सुईचे भोक कायमचे राहते, तेव्हा कात्री लावण्यापूर्वीच सगळा हिशेब पक्का असावा लागतो. बटणांकडेही त्या असेच बारकाईने पाहत आणि ती कुशल कारागिरांकडून खास करवून घेत. एरवी अगदी मोकळ्या असलेल्या झग्यावर चारच बटणे असतील, तर त्यांतले प्रत्येक बटण पाहिले जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

प्रश्न : १९६० च्या दशकातले लंडन म्हणजे मिनीस्कर्ट, भडक रंग आणि प्लास्टिकचे कोट. अशा काळात म्यूर मागे कशा पडल्या नाहीत? आणि त्यांनी खरोखरच सर्व काही गडद निळ्या रंगातच केले का?

त्या काळाचे आपण वर्णन केलेले चित्र खरे आहे, पण ते पूर्ण नाही. मेरी क्वांट यांनी १९५५ मध्ये किंग्ज रोडवर ‘बझार’ हे दुकान उघडले तेव्हापासून तरुणांचे कपडे आणि त्यांच्या आयांचे कपडे यांच्यातले अंतर वाढत गेले. परंतु शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या पैशाने कपडे घेणाऱ्या स्त्रियांचा एक वर्ग त्याच वेळी तयार होत होता. त्यांना शाळकरी मुलीसारखे दिसायचे नव्हते आणि आईसारखेही नाही. दिवसभर काम करून त्याच कपड्यात संध्याकाळी जेवायला जाता यावे, ही त्यांची गरज म्यूर यांनी ओळखली. अभिनेत्री जोआना लम्ली तरुणपणी त्यांच्याकडे मॉडेल म्हणून काम करत होत्या आणि पुढे आयुष्यभर त्यांचे कपडे आवडीने वापरत राहिल्या. कपडा वर्षानुवर्षे टिकावा आणि शोभावा, ही म्यूर यांची भूमिका होती. मात्र हे कपडे स्वस्त नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दीर्घकाळ टिकणाऱ्या कपड्याचा फायदा, आरंभीची किंमत ज्यांना परवडली त्यांनाच मिळाला.

रंगांबद्दल म्हणाल, तर त्या स्वतः जवळजवळ नेहमी गडद निळ्या रंगात वावरत, आणि आखूड कापलेले काळेभोर केस, पांढरा चेहरा व गडद ओठ हे त्यांचे रूप सर्वांच्या परिचयाचे होते. त्यामुळे तोच रंग त्यांच्या नावाला चिकटला. प्रत्यक्षात त्यांच्या विणीच्या कपड्यांत आणि जर्सीत ठसठशीत, तेजस्वी रंगही आहेत. त्या कपड्यांतही आकार तितकाच संयमित राहिला, एवढे मात्र खरे.

प्रश्न : म्यूर यांनी फॅशनचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते, असे म्हणतात. मग अशा शिक्षणाची गरजच नाही असे समजावे का?

तसे समजू नये. लंडनच्या सेंट मार्टिन्स या कलाशाळेच्या संध्याकाळच्या वर्गात रेखाटन शिकण्यापलीकडे त्यांचे फॅशनचे शालेय शिक्षण झाले नव्हते हे खरे, परंतु लिबर्टी आणि येगरमधली बारा वर्षे हे त्यांचे शिक्षणच होते, आणि तितका वेळ फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळतो. उलट कलामहाविद्यालयांनी कल्पनेइतकेच हातकामाला महत्त्व द्यावे, बेतणे आणि शिवणे नीट शिकवावे, यासाठी त्या जाहीरपणे आणि सतत आग्रह धरत. स्वतःला त्या कपडे शिवणारी म्हणवत आणि त्यात त्यांना अभिमान वाटे. १९७२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ हा सन्मान दिला. तो १९३६ पासून दिला जात असून एका वेळी तो धारण करणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते. कारखान्यात बनणाऱ्या वस्तूंच्या रचनाकारांबरोबर त्यांचे नाव घेतले गेले, हे त्यांच्या विचारांशी जुळणारेच होते. १९८४ मध्ये त्यांना सीबीई हा ब्रिटिश राजकिताबही मिळाला.

प्रश्न : त्यांच्यानंतर कंपनीचे काय झाले? आणि आज त्यांच्या वाटेने जाणारे कोणी आहे का?

म्यूर यांचे २८ मे १९९५ रोजी कर्करोगाने निधन झाले. आपल्या आजाराची वाच्यता त्यांनी होऊ दिली नव्हती. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या चमूने कंपनी पुढे चालवली आणि २००७ मध्ये ती बंद झाली. त्याआधी, २००५ मध्ये, लॉइकर्ट यांनी म्यूर यांचा संग्रह स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला. त्यात तयार कपड्यांबरोबर रेखाटने, कोऱ्या कापडावर शिवून पाहिलेले कच्चे नमुने आणि दागिनेही आहेत. शिवणकाम करणाऱ्यांनी तयार कपड्यांपेक्षा हे कच्चे नमुने अधिक निरखावेत, कारण कल्पना कोठे बदलली आणि कात्री कोठे थांबली हे त्यांत उघडे दिसते.

वारसदार म्हणून मार्गारेट हॉवेल यांचे नाव अनेकदा घेतले जाते. साधेपणा दोघींत आहे, पण मी त्यांना एका ओळीत बसवणार नाही. १९४६ मध्ये जन्मलेल्या हॉवेल यांनी लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात ललितकला शिकून १९७० च्या सुमारास शर्ट बनवायला सुरुवात केली. जुन्या वस्तूंच्या विक्रीत हाती लागलेल्या एका पुरुषी शर्टाने त्यांना ही दिशा दिली. लिनन, ट्वीड, कॉर्डरॉय, धुऊन मऊ झालेले सुती कापड हे त्यांचे साहित्य, आणि कपड्यावर पडलेली चुणी त्यांना मुळीच खटकत नाही. म्यूर यांच्या झग्यात प्रत्येक रेघ ठरवून आखलेली असते, हॉवेल यांचा शर्ट वापरणाऱ्याने वापरून वापरून पूर्ण करायचा असतो. २००७ मध्ये, म्हणजे म्यूर यांची कंपनी बंद झाली त्याच वर्षी, हॉवेल यांनाही ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ हा सन्मान आणि सीबीई हा किताब मिळाला. लंडनच्या विगमोर स्ट्रीटवरील त्यांच्या दुकानात कपड्यांच्या बरोबरीने विसाव्या शतकाच्या मध्यातले ब्रिटिश फर्निचरही मांडलेले असते.