प्रश्न तुमचे: पदवी चित्रकलेची, शिक्षण कलादालनाचं

मुलगी यंदा बारावीला आहे. बीएफए (ललित कलेची पदवी) करून पुढे कलादालनात काम करायचं म्हणते. पदवीत हे शिकवतात का? – एक पालक, सदाशिव पेठ

चार वर्षांच्या बीएफएत रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला असे मुख्य विषय असतात. कलादालनाचं काम मात्र दालनात उभं राहूनच हातात बसतं, त्यामुळे त्यासाठी पदवी संपायची वाट पाहू नका. पहिल्या वर्षापासून दोन्ही बरोबर चालू द्या.

आधी प्रवेशाचं बघू. राज्याच्या सीईटी कक्षाच्या एएसी सीईटीत, म्हणजे कला अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत, स्थिरचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि कलाविषयक सामान्यज्ञान असे चार भाग येतात. शाळेत इंटरमिजिएट ही चित्रकलेची परीक्षा दिलेली मुलंही स्मरणचित्रात अडखळतात, कारण सराव फोटो समोर ठेवून झालेला असतो आणि माणसं पुतळ्यासारखी ताठ येतात. मंडईत किंवा स्वारगेटच्या एसटी स्थानकावर पाच-पाच मिनिटांची रेखाटनं करावीत. घरी आल्यावर वही मिटून तोच प्रसंग आठवून काढावा आणि मग ताडून पाहावं. ओझं उचलताना कंबर कुठे वळते, हे असंच लक्षात राहतं.

पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, भारती विद्यापीठाचं ललित कला महाविद्यालय आहे. प्रवेशाआधी वार्षिक प्रदर्शनाच्या वेळी जाऊन या आणि एकच गोष्ट विचारा: चित्रं कोणी लावली? विद्यार्थ्यांनी लावली असतील तर तिथे निम्मं शिक्षण होतंय.

सुट्टीत एखाद्या दालनात उमेदवारी मिळाली तर कामाचे तास, प्रवासखर्च आणि नेमकी कामं लिहून घ्या. महिनाभर नुसती अभिप्राय-वही सांभाळायला बसवलं तर ती उमेदवारी नव्हे, मुलीने तिथून निघावं. चित्र आलं की त्याची स्थिती-नोंद करणं हे खरं पहिलं काम: पुढून-मागून फोटो, चौकटीचे कोपरे, रंगाला गेलेले तडे, कागदावरचे डाग, तारीख आणि सही. ही नोंद नसेल तर परत जाताना निघालेला ओरखडा कोणाचा, यावर वाद ठरलेला. पदवीनंतर संग्रहालयाकडे वळायचं असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग 1952 पासून आहे.

आम्ही तिघे मिळून बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन भरवतोय. आधीच्या प्रदर्शनात चित्रं वरखाली दिसली. मापं घेऊनही असं का होतं? – दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, कोथरूड

मापं घेतलीत, पण बहुधा चौकटीमागची तार सैल असताना. तार खिळ्यावर ताणली की मधोमध वर चढते आणि सगळा हिशेब त्या ताणलेल्या बिंदूवरून करायचा असतो.

लहानमोठ्या चित्रांच्या वरच्या कडा जुळवू नका, मध्य जुळवा. तो जमिनीपासून साधारण 150 सेंमीवर ठेवा. समजा, चित्र 76 सेंमी उंच आहे, म्हणजे अर्धी उंची 38. तारेत बोट घालून ती वर ताणा आणि तिथून वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते 6 सेंमी भरलं तर खिळा 150 अधिक 38 वजा 6, म्हणजे 182 सेंमीवर येईल. हे प्रत्येक चित्राला वेगळं करावं लागतं, कारण तारेचा झोळ सारखा नसतो.

तार बांधायच्या कड्या चौकटीच्या मागे वरून एक-तृतीयांश अंतरावर लावा. त्याहून खाली गेल्या तर चित्र पुढे झुकतं. रुंद चित्राला एकाऐवजी दोन खिळे दिले की येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागूनही ते तिरकं होत नाही. भिंतीला खिळा चालतो की पट्टीवरून साखळी सोडायची, हे दालन आरक्षित करतानाच विचारा. पट्टी असेल तर साखळ्या आणि आकडे आदल्या दिवशीच मोजून ठेवा.

नेण्या-आणण्यात होणारं नुकसान वेगळंच असतं. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर उन्हात टेम्पोत तापून ॲक्रिलिकवर गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. चित्रं उभी ठेवा, रंगाकडे रंग आणि पाठीकडे पाठ. काच असेल तर तिच्यावर कागदी चिकटपट्टीची फुली मारा. काच फुटलीच तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत.

घरातल्या जलरंग चित्राला पावसाळ्यात बुरशी आली. पुसू का? – एक वाचक, औंध

ओल्या कापडाने मुळीच नको. बुरशी कागदात मुरते आणि रंगही पसरतो. चित्र चौकटीतून काढून सावलीत, हवेशीर जागी पूर्ण सुकू द्या. मग तोंडाला मास्क लावून मऊ, कोरड्या कुंचल्याने घराबाहेर हलकेच झटका. डाग राहिला तर तो खोडायला जाऊ नका, संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्या. परत चौकटीत बसवताना चित्र काचेला चिकटणार नाही असा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार) घाला आणि मागे आम्लरहित पुठ्ठा लावा. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळेल. पावसाळ्यात ज्या बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिच्यावर हे चित्र पुन्हा लावू नका.