जुलै १९१४ : रेल्वेच्या वेळापत्रकावर निघालेलं युद्ध

पहिलं महायुद्ध सुरू कसं झालं, याबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : साराजेव्होत युवराजाचा खून झाला २८ जूनला आणि युद्ध पेटलं महिन्याभरानं. ऑस्ट्रिया एवढी संतापली होती, तर मधले दिवस गेले कुठे?

तयारीत गेले आणि थोडे लपवाछपवीत. खुनामागे सर्बिया आहे, असा ऑस्ट्रियाचा आरोप होता. फ्रान्झ फर्डिनंडच्या खुनानंतर लगेच सर्बियावर चाल केली असती, तर युरोपची सहानुभूती ऑस्ट्रियाच्या बाजूनं होती. ५ आणि ६ जुलैला बर्लिननं, म्हणजे जर्मनीनं, ‘काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत’ असं सांगून टाकलं. इतिहासात याला ‘कोरा चेक’ म्हणतात. तो देताना जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मची अपेक्षा होती की व्हिएन्ना, म्हणजे ऑस्ट्रिया, चटकन हात उचलेल.

पण व्हिएन्नाचं गाडं हललं नाही. ऑस्ट्रियाशी संयुक्त राज्यात असलेल्या हंगेरीचे पंतप्रधान टिसा १४ जुलैपर्यंत राजी नव्हते. त्यात सुगीचे दिवस. बऱ्याच सैनिकांना कापणीसाठी रजा दिलेली होती आणि ते २५ जुलैच्या सुमारास परतायचे होते. रजा रद्द करावी तर पीक शेतात राहणार, वर सगळ्या जगाला बेत कळणार. शिवाय २० ते २३ जुलै फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे सेंट पीटर्सबर्गला रशियाच्या सम्राटाचे, झारचे पाहुणे होते. ते परतीच्या जहाजावर चढेपर्यंत सर्बियाला अटींचा निर्वाणीचा खलिता द्यायचा नाही, म्हणजे रशिया-फ्रान्सला समोरासमोर बसून काही ठरवता येणार नाही, असा हिशेब होता.

खलिता दिला २३ जुलैला संध्याकाळी सहाला. मुदत ४८ तास. सर्बियानं एक अट सोडून सगळ्या मान्य केल्या, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धवट खरं आहे. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांना सर्बियातल्या न्यायालयीन तपासात घ्यायची सहावी अट साफ नाकारली होती, पण बाकीच्यांपैकी काही अटींनाही ‘पुरावा दिल्यास’, ‘कायद्यात बसल्यास’ अशी वकिली शेपटं होती. ऑस्ट्रियाच्या राजदूतानं सामान आधीच बांधून ठेवलं होतं. उत्तर हातात पडताच त्यानं साडेसहाची गाडी पकडली. कैसरनं ते उत्तर वाचलं २८ जुलैच्या सकाळी, आणि आता युद्धाचं कारणच उरलं नाही असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाची युद्धघोषणा तारेनं सर्बियाला गेली होती.

प्रश्न : ‘मोबिलायझेशन’ म्हणजे फक्त सैन्य गोळा करणं ना? मग रशियानं सैन्य जमवलं एवढ्यावरून जर्मनीनं युद्ध का पुकारलं?

सगळ्या प्रकरणाची चावी या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर.

त्या काळची युरोपातली फौज म्हणजे शांततेच्या काळातला सांगाडा. त्यावर मांस चढायचं राखीव सैनिकांचं. हुकूम निघाला की शेतकरी, कारकून, गवंडी ठरलेल्या दिवशी आपापल्या डेपोत हजर. तिथं गणवेश, बूट, रायफल. गावोगावचे घोडे ताब्यात घ्यायचे. मग ठरलेल्या तासाला, ठरलेल्या स्थानकावर, ठरलेल्या गाडीत चढायचं. जर्मनीच्या एका आर्मी कोरला (अनेक पलटणींच्या मोठ्या तुकडीला) सीमेवर न्यायला १४० गाड्या आणि सुमारे ६,००० डबे लागायचे. हे डबे आजच्यासारखे लांबलचक नव्हते, दोन आसांच्या लहान वाघिणी होत्या. फ्रान्सच्या वाघिणींवर तर क्षमता रंगवलेलीच असे : माणसं ४०, घोडे ८. जर्मनीत सगळ्या मिळून ११ हजारांच्या आसपास गाड्या धावल्या. कोलोनच्या एकाच पुलावरून २ ते १८ ऑगस्ट या काळात २,१५० गाड्या गेल्या, दर दहा मिनिटांना एक, रात्रंदिवस. यातली एक गाडी तासभर अडली तर मागे सहा गाड्या तुंबतात. म्हणून हे वेळापत्रक आधी वर्षभर खपून तयार करायचं आणि ऐनवेळी त्याला हात लावायचा नाही.

आता रशियाकडे पाहा. परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांना फक्त ऑस्ट्रियाला दटवायचं होतं, म्हणून कीव्ह, ओडेसा, मॉस्को आणि कझान या चारच लष्करी विभागांत जमवाजमव करायची टूम निघाली. सेनाधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. असा अर्धा आराखडा तयारच नव्हता. अर्धी जमवाजमव करून मग पूर्ण करायची म्हटली तर गाड्यांचा पार गोंधळ उडाला असता. झारनं २९ जुलैला पूर्ण जमवाजमवीवर सही केली, रात्री कैसरची तार आल्यावर हुकूम मागे घेतला आणि ३० तारखेला दुपारी पुन्हा दिला. सेनाप्रमुख यानुश्केविच म्हणाले होते, या खेपेला हुकूम मिळाला की मी टेलिफोन फोडून टाकतो, म्हणजे तो मागे घ्यायला कुणी मला गाठू शकणार नाही.

जर्मनीची अडचण उलट्या बाजूची. दोन आघाड्यांवर एकदम लढायचं नाही, म्हणून आधी फ्रान्सला सहा आठवड्यांत चीत करायचं आणि मग रशियाकडे वळायचं, हा तिचा आराखडा. रशियाची जमवाजमव सावकाश होणार, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. म्हणजे रशियानं सुरुवात केली की जर्मनीचं घड्याळ सुरू. त्यात जर्मन सेनाप्रमुख मोल्टकेच्या आराखड्यात बेल्जियममधला लिएजचा किल्लेबंद नाका पहिल्या काही दिवसांतच घ्यायचा होता, कारण तिथले रेल्वेमार्ग हाती आल्याशिवाय उत्तरेकडच्या सेना पुढे सरकत नव्हत्या. इतर देशांत जमवाजमव आणि लढाई यांत थांबायला जागा होती. जर्मनीत ती नव्हती. आणि लिएजची ही घाई चॅन्सेलर (सरकारचे प्रमुख) बेटमान-होल्वेग यांना जुलैच्या अगदी अखेरपर्यंत ठाऊक नव्हती! राजकारण एका दालनात, वेळापत्रक दुसऱ्या.

प्रश्न : कैसरला ऐनवेळी पश्चिमेकडचं सैन्य थांबवायचं होतं, हे खरं आहे का?

खरं आहे. १ ऑगस्टला लंडनहून राजदूत लिख्नोव्स्की यांची तार आली, तिचा अर्थ असा लावला गेला की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील. कैसर खूश. सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा, म्हणाला. मोल्टके म्हणाला, लाखोंची फौज अशी ऐनवेळी वळत नाही, ती फौज उरणार नाही, नुसता जमाव होईल. कैसरनं सुनावलं, ‘तुझ्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं.’ (१८७० ची लढाई जिंकणारा थोरला मोल्टके त्याचा काका.) इतक्यात एक जर्मन तुकडी लक्झेंबर्गमधल्या त्र्वा-व्हिएर्ज स्थानकात शिरलीही होती. ‘चूक झाली’ म्हणून तिला परत बोलावलं. रात्री लंडनचा खुलासा आला की तसं काही म्हटलेलंच नाही, आणि कैसरनं मोल्टकेला मोकळीक दिली.

जर्मन रेल्वे विभागाचे जनरल श्टाब यांनी युद्धानंतर आकडेवारीनिशी दाखवलं की चार सेना पूर्वेला वळवता आल्या असत्या. मात्र पूर्वेकडच्या चढाईचा वेगळा आराखडा १९१३ पासून अद्ययावत करणंच सोडून दिलं होतं. म्हणून ‘गाड्यांनी युद्ध लादलं’ हे म्हणणं आम्हाला पटत नाही. गाड्यांनी पर्याय संपवले नाहीत, एकच आराखडा ठेवणाऱ्यांनी ते आधीच संपवले होते.

ऑस्ट्रियाची फजिती याहून मोठी. बारा डिव्हिजनांची (हजारो सैनिकांच्या तुकड्यांची) एक राखीव फळी गरजेप्रमाणे सर्बियाकडे किंवा रशियाकडे पाठवायची होती. सेनाप्रमुख कोनराडनं ती सर्बियाच्या गाड्यांत बसवली आणि ३१ जुलैला ‘रशियाकडे फिरवा’ म्हणाला. रेल्वेवाल्यांनी सांगितलं, आधी ठरल्या ठिकाणी उतरू द्या, मग उलटं आणू. ती फौज डॅन्यूबकाठी गेली, तिथून रशियाच्या सीमेलगतच्या गॅलिशियात पोचली तेव्हा उशीर झाला होता.

प्रश्न : इटलीचा जर्मनी-ऑस्ट्रियाशी करार होता. मग ती लढली का नाही?

१८८२ चा करार बचावाचा होता, आणि हल्ला ऑस्ट्रियानं केला होता. इटलीनं बोट ठेवलं नेमक्या त्या कलमावर. मे १९१५ मध्ये ती उलट बाजूनं उतरली. ‘करारांच्या साखळीनं सगळे आपोआप ओढले गेले’ असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

प्रश्न : ब्रिटन बेल्जियमसाठी उतरलं की जर्मन आरमाराच्या धास्तीनं?

आरमाराची शर्यत १९१२ पर्यंत ब्रिटननं जवळजवळ जिंकलीच होती. तिचा परिणाम वेगळ्या वाटेनं झाला : १९१२ मध्ये फ्रान्सनं आपलं आरमार मुख्यतः भूमध्य समुद्रात नेलं, आणि इंग्लिश खाडीकडचा फ्रेंच किनारा ब्रिटनच्या भरवशावर राहिला. लेखी बांधिलकी नाही, पण नैतिक ओझं पुरेपूर. तरीही १ ऑगस्टला मंत्रिमंडळ दुभंगलेलं होतं. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहानं बहुतेकांना एका बाजूला आणलं. ब्रिटननं जर्मनीला दिलेली मुदत ४ ऑगस्टला रात्री अकराला संपली आणि ब्रिटन युद्धात उतरलं.

प्रश्न : ‘नाताळपर्यंत घरी’ म्हणणारे सगळे फसले कसे?

कारण हल्ला करणारा चालत होता आणि बचाव करणारा गाडीनं येत होता. बेल्जियन लोकांनी बोगदे आणि पूल उडवले, त्यामुळे जर्मन फौज रेल्वेच्या टोकापासून दूर गेली. जर्मन जनरल क्लुकच्या पहिल्या सेनेत ८४ हजार घोडे होते, त्यांना रोज जवळजवळ ९०० टन चारा लागे. एवढा चारा मागून आणणं शक्य नव्हतं, शेतातला हिरवा चारा घालून घोडे आजारी पडले, आणि घोडे बसले की तोफा मागे राहतात. उलट फ्रेंचांचं रेल्वेजाळं पॅरिसभोवती विणलेलं, त्यांनी पूर्वेकडच्या डिव्हिजना उचलून सप्टेंबरमध्ये पॅरिसजवळच्या मार्न नदीवर आणल्या. (पॅरिसच्या टॅक्सींनी युद्ध वाचवलं ही गोष्ट गोड आहे, पण त्यांतून गेली काही हजार माणसं.)

खंदक खणल्यावर प्रश्न कारखान्यांचा झाला. दारूगोळ्याला नायट्रेट लागतं, ते चिलीहून यायचं, ब्रिटिश आरमारानं वाट रोखली. तेवढ्यानंच जर्मनी लवकर गुडघे टेकली असती, पण १९१३ पासून जर्मनीतल्या ओप्पाऊच्या कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया निघत होता, त्यापासून आता नायट्रिक आम्ल बनू लागलं. ब्रिटनला १९१५ मध्ये तोफगोळ्यांची टंचाई भासली, मग दारूगोळ्याचं खास सरकारी खातं काढावं लागलं. १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर ब्रिटिशांनी आठवडाभर सुमारे १५ लाख गोळे टाकले. त्यांतले बरेच फुटलेच नाहीत, आणि छर्ऱ्याचे गोळे काटेरी तारा तोडायला फारसे उपयोगी नसतात. १ जुलैला एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक गारद झाले, त्यांतले १९,२४० ठार.

प्रश्न : मराठा पलटणी फ्रान्सच्या खंदकात होत्या का?

फ्रान्समधल्या मार्से बंदरात सप्टेंबर-ऑक्टोबर १९१४ मध्ये उतरल्या त्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन. मराठा पलटणींचा मोठा हिस्सा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेला. सहावी पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ पासून फाओ-बसरा भागात उतरली, तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. इथं रेल्वे नव्हती, सगळा भार टायग्रिस नदीतल्या बोटींवर, आणि बोटी कायम अपुऱ्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांकडून वेढली गेली. घोडे कापून खायची वेळ आली, आणि अनेक हिंदी सैनिकांनी सुरुवातीला ते मांस नाकारलं. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन रसद घेऊन तुर्की तोफांच्या माऱ्यातून निघाली आणि वाटेतच पकडली गेली. पाच दिवसांनी कुत पडलं.