बुद्धिबळाच्या पटावर काजूची बी आणि मेंढीकोटात भुवया

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर माणसांनी भरलेलं असतं, पण तेच पत्ते आणि तेच बुद्धिबळ खेळून कंटाळा येतो. तेव्हा ओळखीच्याच खेळांचे चक्रम प्रकार सुचवा, असं तुम्ही विचारलंय. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या फोंड्याच्या घरी आरत्या आटोपून सोप्यावर चटया पडल्या की हेच चालतं.

माझं ठाम मत आधी सांगतो: नियम एकच मोडायचा. बाकीचे जिथल्या तिथे राहू द्यायचे. दोन-तीन नियम एकदम बदलले की निम्मी रात्र वाद घालण्यात जाते. एकच बदलला की मुरलेला खेळाडूच आधी गांगरतो, आणि नवख्याला त्याच्यासमोर बसायचा धीर येतो.

२०२५ चा फिडेचा बुद्धिबळ विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, तेव्हापासून आमच्याकडची पोरं ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव खेळ्या, घोकत असतात. त्यांच्यासमोर काका-मामांना बसवायचं तर ‘डक चेस’ खेळा. टिम पॉल्डन यांनी २०१६ मध्ये हा प्रकार काढला. पटावर रबराचं एक बदक असतं. आपली खेळी झाली की ते उचलून दुसऱ्या कुठल्याही रिकाम्या घरात ठेवायचं. जागच्या जागी ठेवता येत नाही, मारता येत नाही, ओलांडायचं तर फक्त घोड्याने. शह-मात नाही, राजा थेट मारायचा. आम्ही बदकाऐवजी काजूची बी ठेवतो. समोरच्याचा हत्ती तुमच्या राजावर रोखलेला असला तर मध्ये बी ठेवा. पुढच्या खेळीत हत्ती अडला. पण ती खेळी झाली की बी त्याला हलवावीच लागते, म्हणजे तीच पट्टी पुन्हा मोकळी! तेवढ्यात राजा हलवला नाही किंवा बी पुन्हा मध्ये आणली नाही तर संपलं. घोकलेलं ओपनिंग इथे दोन-चार खेळ्यांतच निकामी होतं.

उलटं बुद्धिबळही छान आहे. आपली सगळी मोहरी आधी संपवेल तो जिंकला. मारता येत असेल तर मारणं सक्तीचं, आणि राजाही इतरांसारखाच मरतो. मार्क वॉटकिन्स यांनी २०१६ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं, की पांढऱ्याने राजापुढचं प्यादं एक घर सरकवून सुरुवात केली तर तो हमखास जिंकू शकतो. घरात ती सगळी वाट कोणाला पाठ असणार? बिनधास्त खेळा.

साप चढवतो आणि शिडी उतरवते अशी सापशिडी लहान मुलांना आवडते. मोक्षपटात, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपात, साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण, त्यामुळे घरातली वडीलधारी थोडी कुरकुरतील. पण शेवटी सगळं फाशावरच, म्हणून मला त्यात फारसा दम वाटत नाही.

गुलामचोराचं मात्र तसं नाही. तीन गुलाम बाजूला काढण्याऐवजी कोणीही न बघता कुठलंही एक पान काढून ठेवा. मग बिनजोडीचं पान कोणतं आणि चोर कोण ते डाव संपत आला तरी कळत नाही आणि प्रत्येक जण स्वतःच्याच हातातल्या पानांकडे संशयाने बघतो. जपानमध्ये हाच खेळ ‘जिजी-नुकी’ नावाने खेळतात.

आणि सगळ्यांत वरचा, खुणांचा मेंढीकोट. एरवी भिडूला खूण केली की भांडण होतं. स्पेन आणि अर्जेंटिनातल्या ट्रुको या पत्त्यांच्या खेळात मात्र तोंडाच्या खुणा नियमात बसतात. तेवढंच उचलायचं. हातात मेंढी, म्हणजे दश्शी, असेल तर भुवई उडवायची, हुकमाचा एक्का असेल तर ओठ मुडपायचे, काहीच नसेल तर क्षणभर डोळे मिटायचे. खोटी खूण करायची नाही, पण खरी खूण विरोधकांची नजर चुकवून केली तर तुमचंच कसब. आमची आत्या समोरचे दोघे पानं लावायला खाली बघेपर्यंत शांत बसते आणि नेमक्या त्या क्षणी भुवई उडवते. भिडूचं लक्ष नसेल तर ती अख्खा डावभर भुवई उडवत राहते, मग सगळ्या घराला मेंढी कुठे आहे ते कळतं!

एक गोष्ट पानं वाटण्याआधीच ठरवून घ्या: तोंडात नेवरी (करंजी) असताना मुडपलेले ओठ खूण म्हणून धरायचे नाहीत.