ठाण मांडून खेळ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा गोल्फचा राउंड संपवून निघताना तू विचारलंस, की आपल्या नाशिकच्या क्लबची यंदाची वर्गणी भरू, की तेच पैसे बाहेरच्या कोर्सच्या ग्रीन फीसाठी, म्हणजे तिथे खेळायच्या शुल्कासाठी, ठेवू? विचारलंस आणि उत्तराची वाट न बघता बॅग डिकीत टाकून गेलीस. प्रश्न तुला बरेच दिवस छळतोय हे त्यावरून कळलं, म्हणून सविस्तर लिहितो. तुझा हात चांगला आहे, खेळ सोडू नकोस, हे असलं काही लिहीत बसत नाही. ते तुला ठाऊक आहे.

तुझ्या ऑफिसातल्या मंडळींनी यादी केली आहे. येरवड्याचा पूना क्लब, बावधनच्या पुढचा ऑक्सफर्ड, अँबी व्हॅली, चेंबूरचा प्रेसिडेन्सी, मग दिल्ली, बंगळुरू, जमलं तर थायलंड. महिन्याला दोन नवे कोर्स. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबईही हाकेच्या अंतरावर आली आहे, पहाटे निघालं की सकाळच्या टी टाइमला, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळेला, पोचता येतं. हे सगळे कोर्स सुंदर आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तू अजून तिथली नाहीस. तू ठाण मांड. एक कोर्स धर आणि तो पुरता कळेपर्यंत हलू नकोस.

का, ते सांगतो. नव्या कोर्सवर चूक कुणाची हेच कळत नाही. समजा, चेंबूरला तू सेव्हन आयर्न या क्लबने फटका मारलास आणि चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, अलीकडे दहा यार्ड पडला. का पडला? वारा समोरून होता? चढ होता? नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, चेंबूर जवळजवळ समुद्राला लागून. तिथली हवा दाट, चेंडू थोडा आखूडच पडतो. की तू मारताना मान वर केलीस? चार कारणं समोर असली की माणूस स्वतःला सोडून उरलेली तीन निवडतो. आपल्या कोर्सवर तोच फटका आखूड पडला, तर तुला कारण शोधावं लागत नाही. तिथे वारा कुठून येतो हे तुला पाठ आहे, चढ पाठ आहे, अंतर पाठ आहे. उरतेस फक्त तू. हे उरणं टाळण्यासाठीच लोक गावोगाव खेळत फिरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आता आपल्या चार नंबरच्या होलकडे ये. टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारतो तिथून, बघितलं की ग्रीन डावीकडे कललेलं वाटतं, कारण मागचा डोंगर डावीकडे उतरतो आणि डोळा फसतो. पुट, म्हणजे ग्रीनवर होलकडे घरंगळवलेला चेंडू, मात्र उजवीकडे जातो, नाल्याच्या अंगाला. तू तिथे दर वेळी फसतेस, दर वेळी बॅग उचलणाऱ्या कॅडीकडे रागाने बघतेस आणि पुढच्या होलवर निघून जातेस. एकदा सकाळी उजाडताना ये. माळी होल कटर घेऊन आलेले असतात. दोन्ही हातांनी कटर फिरवत खाली दाबतात, गवतासकट मातीचा गोल ठोकळा वर येतो, तो जुन्या होलात बसवून पायाने दाबतात, वर थोडं पाणी शिंपडतात. नव्या होलात कप बसवताना त्याची कड जमिनीच्या निदान एक इंच खाली गेली आहे ना, हे बोट घालून बघतात. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, जगात कुठेही जा, तेवढाच. ते काम संपलं की होलशेजारी उकिडवी बस आणि कड नीट बघ. दुपारपर्यंत एका बाजूची कड धारदार, हिरवी राहते. दुसऱ्या बाजूची कुरतडल्यासारखी, तपकिरी होते. जिकडे तपकिरी कड, तिकडे गवत लोळतंय. आपल्या ग्रीनवरचं बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, दूर्वांच्या कुळातली. ती जमिनीला चिकटून एका दिशेला सरकते आणि चेंडूला आपल्याबरोबर ओढते. उभं राहून बघितलंस तर लोळत्या दिशेला गवत चमकतं, उलट बाजूने गडद दिसतं. चार नंबरला ते नाल्याकडे लोळतं. उतार थोडासा, पण गवताची ओढ मोठी. हे मला एका म्हाताऱ्या कॅडीने दाखवलं. तो कधी दुसऱ्या कोर्सवर गेला नव्हता, पण पुढे मी जिथे जिथे खेळलो तिथे तिथे होलची कड बघायची सवय त्याच्याच जोरावर राहिली. एक ग्रीन पुरतं कळलं, की दुसऱ्या ग्रीनला काय विचारायचं ते कळतं. ज्याला एकही कळलेलं नाही, तो पन्नास ग्रीनवर जाऊन पन्नास वेळा फसतो.

तू म्हणशील, तोच तो कोर्स, कंटाळा येतो. हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे आणि मला ते आवडत नाही. जुलैत आपल्याकडे पश्चिमेचा वारा त्र्यंबकच्या डोंगरांवरून पाऊस घेऊन येतो, काळी माती चेंडू जिथे पडेल तिथेच गिळते, टप्प्यानंतर एक फूटही पुढे जात नाही. एप्रिलमध्ये टी ते ग्रीनमधला तोच फेअरवे भाजलेला असतो, चेंडू पडल्यावर तीस-चाळीस यार्ड पळतो आणि ग्रीनवर थांबायला तयार नसतो. डिसेंबरात निफाडकडे पारा खाली गेला की आपल्याकडेही सकाळी दंव पडतं. पहिल्या गटात खेळलीस तर पुट जड जातो, पण दंवावर चेंडूची रेघ उमटते आणि तो नेमका कुठे वळला ते डोळ्यांनी दिसतं. असा धडा पैसे मोजूनही मिळत नाही. तू एक पावसाळा तरी सलग खेळलीस का? पाऊस लागला की तुमची मंडळी पुण्याची हवा बरी म्हणून निघून जातात. वर्षभर थांब. ठाण मांडून बस. कंटाळा आला तर बॅगेतल्या चौदा क्लबांऐवजी, म्हणजे काठ्यांऐवजी, पाच घेऊन खेळ, मग बघ तोच कोर्स किती नवा होतो.

हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूला कुवतीप्रमाणे मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा, मुद्दाही तू काढशीलच. घरच्या कोर्सवर कमावलेला हँडिकॅप बाहेर टिकत नाही, असं तुमच्यात बोललं जातं. २०२० पासून जगभर जी पद्धत आली तिच्यात याची सोय आहे. प्रत्येक कोर्सला रेटिंग असतं, शिवाय तो साधारण खेळाडूला किती कठीण जातो ते सांगणारा ५५ ते १५५ च्या दरम्यानचा स्लोप असतो, मध्यम कोर्स ११३ धरलेला. तुझा हँडिकॅप इंडेक्स शेवटच्या वीस राउंडमधल्या सर्वांत चांगल्या आठांवरून निघतो आणि ज्या कोर्सवर जाशील त्याच्या स्लोपप्रमाणे तिथे तुला सवलतीचे स्ट्रोक मिळतात. म्हणजे बाहेर जाण्याची शिदोरी घरीच बांधता येते. फक्त कार्डं खरी भर. दोन फुटांचा पुट सोबत्याने 'दिला' म्हणून न मारताच उचलायचा नाही.

मोठ्या खेळाडूंचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेच्या बॉबी जोन्सचं घे. अटलांटाच्या ईस्ट लेक कोर्सवर तो लहानाचा मोठा झाला. १९२१ साली स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ब्रिटिश ओपन स्पर्धा खेळायला गेला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या राउंडला अकराव्या होलच्या वाळूच्या बंकरमध्ये अडकला आणि चिडून स्पर्धा अर्धवट सोडली. कोर्स त्याला अजिबात आवडला नव्हता. आवडला नाही म्हणून तो कायमचा फिरकला नाही, असं झालं नाही. १९२७ ला त्याच कोर्सवर ओपन जिंकला, १९३० ला तिथेच ब्रिटिश अॅमॅच्युअर जिंकला, आणि १९५८ ला त्या गावाने त्याला आपलं नागरिकत्व देऊन गौरवलं. एकदा खेळून यादीत टिक केली असती तर त्याच्या लेखी तो आयुष्यभर एक वाईट कोर्स राहिला असता. आपल्याकडचा गोल्फपटू एस. एस. पी. चौरसिया घे. वडील रॉयल कलकत्ता क्लबचे ग्रीनकीपर, मुलगा त्याच गवतावर चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, आणि पुट शिकला. त्याचा लांब फटका कधीच फार लांब नव्हता. पण २०१६ ला दिल्ली गोल्फ क्लबच्या झाडीत इंडियन ओपन जिंकला आणि २०१७ ला गुरुग्रामच्या अगदी वेगळ्या कोर्सवर पुन्हा जिंकला. एका जागी मुरलेला हात दुसऱ्या जागी चालत नाही, असं कोण म्हणतं?

आणखी एक, ज्याचा तुम्ही तरुण मंडळी विचारच करत नाही. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' सांग, तो तुला अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडेल. तिथे क्रिकेट आहे, रणजीचे सामने होतात, सकाळी जॉगिंगला गर्दी असते. गोल्फ तिथे नावापुरता उरला. या गावात गोल्फ टिकवायचा तर तो वर्गणी भरणाऱ्या मूठभर माणसांवरच टिकणार. ग्रीन रोज कापावं लागतं, उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं, बुरशी आली की औषध मारावं लागतं, माळ्यांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात. पाहुण्याच्या फीवर हे चालत नाही, कारण पाहुणा ग्रीन खराब झालं की पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. सभासद मात्र भांडतो, कमिटीला पत्रं लिहितो आणि आपल्या चेंडूने पडलेला खळगा काट्याने भरून मगच पुढे जातो. तू भरतेस, हे मी बघितलं आहे. म्हणून तर तू जावंस असं मला वाटत नाही.

मला कूपमंडूक म्हणणारे क्लबात आहेत, तुझ्याही कानावर आलं असेल. मी बारा गावचं पाणी प्यायलो आहे. मधली कितीतरी वर्षं नोकरीने मला गावोगाव फिरवलं, प्रत्येक बदलीत नवा कोर्स, नवे सोबती. त्या कोर्सेसमधलं आज काय आठवतं? पहिली टी, एखादं झाड, कँटीनमधला चहा. एकाही ग्रीनचा उतार मला सांगता येणार नाही. म्हणून नाशिकला परतलो तेव्हा ठरवलं की आता हलायचं नाही, आणि हललो नाही. मित्र बँकॉकला गेले, मी गेलो नाही. सेंट अँड्र्यूज बघायचं राहिलं, त्याची खंत आहे आणि ती जाणार नाही. तिथे सात ग्रीन अशी आहेत की प्रत्येकावर दोन-दोन होल आहेत आणि त्या जोडीच्या नंबरांची बेरीज दर वेळी अठराच येते. हे मी वाचून वाचून पाठ केलं आहे. पैसे जुळले तोवर गुडघे गेले. पण त्या खंतीपोटी तुला फिरायला पाठवू, हे माझ्याच्याने होणार नाही. मी इथे थांबलो म्हणून चार नंबरला काय होतं ते तुला सांगू शकतो. फिरत राहिलो असतो तर तुला सांगायला माझ्याकडे नुसती कोर्सची नावं असती.

तेव्हा वर्गणी भर. यंदा बाहेर जायचंच असेल तर दिवाळीनंतर जा, तोवर पावसाळ्यातली सगळी कार्डं माझ्याकडे दे. आणि गेलीस तर तीन कोर्स तीन दिवसांत उरकू नकोस. पुण्याचा एकच निवड आणि तीनही दिवस तिथेच खेळ. पहिल्या दिवशी स्कोअर लिहू नकोस, तिथल्या कॅडीला प्रत्येक ग्रीनवर गवत कुठे लोळतं ते विचार आणि आपल्या डोळ्यांनी पडताळून बघ. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, बॅगेतच राहू दे. तिसऱ्या दिवशी कार्ड नीट भर आणि मला पाठव. होलवार पाठव, पुट वेगळे लिहून, नुसती बेरीज नको.

तुझा
काका