श्वेतबटूतला बटू बुटका नव्हे

भुसावळहून प्रश्न आलाय : व्याध (सिरियस) या ठळक ताऱ्याचा जोडीदार तारा निळसर पांढरा असतो म्हणतात, मग त्याला ‘श्वेतबटू’ (इंग्रजीत ‘व्हाइट ड्वार्फ’, म्हणजे इंधन संपून आकसलेला तारा) का म्हणायचं? आणि बटू म्हणजे बुटकाच ना?

दुसरं आधी घेतो, कारण हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. पाटणादेवीला आकाशदर्शनाच्या रात्री एका वक्त्यांनी शाळकरी पोरांना ठणकावून सांगितलं, “बटू आणि बुटका एकच, फक्त उकाराची जागा बदलली.” काहीही! ध्वनी जुळला की नातं जुळत नाही. संस्कृतात बटू म्हणजे मुलगा, मुंज झालेला ब्रह्मचारी. उंचीशी संबंधच नाही. आमच्या नात्यातल्या एका मुंजीत मुलगा मामापेक्षा वीतभर उंच होता, तरी भटजींपासून सगळे त्याला बटूच म्हणत होते.

मग ठेंगणेपणा आला कुठून? माझ्या मते वामनाकडून. बळीच्या यज्ञात विष्णू गेला तो ठेंगण्या रूपात आणि बटूच्या वेषात. कथेकऱ्यांच्या तोंडी ‘बटू वामन’ अशी जोडी झाली आणि एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटला. बंगालीत याच ताऱ्यांना सरळ ‘श्वेत वामन’ म्हणतात. हिंदीतला ‘बौना’ तर वामन शब्दच झिजून झालेला. तिन्ही भाषा एकाच यज्ञमंडपातून बाहेर पडल्या!

आणि शब्द किती चपखल बसलाय पाहा. वामन नुसता लहान नव्हता, त्याच्या पावलाखाली बळी पाताळात गेला. व्याधाचा हा जोडीदार आकारानं पृथ्वीहून किंचित लहान, पण वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढं. त्यातलं चमचाभर द्रव्य कित्येक टन भरेल. तो दिसायच्या आधी त्याची ओढच कळली : व्याध डुलतोय हे पाहून खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं १८४४ मध्ये न दिसणारा सोबती असल्याचं ताडलं, आणि १८६२ मध्ये तो दुर्बिणी बनवणाऱ्या क्लार्कच्या दुर्बिणीत सापडला.

काही परिभाषावाल्यांना ‘बटू’ पोथीतला वाटतो, त्यांना ‘लघुतारा’ हवा. अहो, लघु म्हणजे हलकासुद्धा! इतक्या जड ताऱ्याला हलका म्हणायचं? इंग्रजीनं केळीच्या बसराई जातीला आणि या ताऱ्याला ‘ड्वार्फ’ हे एकच विशेषण लावलंय. पण रावेर-यावलकडचा शेतकरी बसराईला बटू म्हणत नाही. बुटकी म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. झाड बुटकं, तारा बटू.

हां, रंगाचं राहिलं. खगोलशास्त्रज्ञ लायटननं १९२२ मध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ हे इंग्रजी नाव दिलं तेव्हा असे मोजकेच तारे ठाऊक होते. एवढे मंद तारे एरवी तांबडे असतात, हे पांढरे निघाले, म्हणून पांढरेपणा नावात आला. आपला जोडीदार व्याधाहून सुमारे ९ हजार पट मंद दिसतो, पण त्याचा पृष्ठभाग २५ हजार केल्विनच्या आसपास तापलेला आहे, म्हणून निळसर झाक. नीळ दिलेल्या धोतराला असते तशी. त्या धोतराला आपण पांढरंच म्हणतो.