आजोबा भाव सोडत नव्हते

"ताई, आम्ही आकडा सांगितला आणि आजोबांनी एजंटला बजावलं, यांना पुन्हा घरात आणू नका."

ती हे सांगत होती तेव्हा नवरा खाली मान घालून बसला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खरं तर ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते ते आपसातल्या अबोल्यामुळे. चौदा घरं पाहिल्यावर एक घर दोघांनाही आवडलं. मालक वृद्ध, एकटे. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. विकण्याचा विषय परगावच्या मुलांनी काढलेला. सांगितलेली किंमत मात्र आसपासच्या तशाच घरांपेक्षा जवळजवळ २० टक्के जास्त. नवऱ्याने त्यांच्या आकड्यापेक्षा २५ टक्के कमी सांगितले आणि वर दोषांची यादी वाचून दाखवली: भिंतीतली ओल, जुनं वायरिंग, उखडलेली फरशी. बायको म्हणते, याने घालवलं. नवरा म्हणतो, हिने मालकांसमोरच "हेच हवं होतं" म्हटलं, मग ते कशाला उतरतील?

"कमी सांगितलं तर माणूस दुखावतो, जास्त दिलं तर आपण फसतो. बोलायचं तरी कसं?" घर घेऊ पाहणाऱ्या कितीतरी जणांनी मला हाच प्रश्न विचारला आहे.

मी तिला विचारलं, "त्या घरात मनातल्या मनात तुमचं काय काय मांडून झालंय?" ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मागच्या खोलीत खिडकीपाशी आईचं शिवणयंत्र." म्हणजे ती तिथे राहायला गेलेलीच होती. दोनदा पाहिलेलं घर तिला सुटत नव्हतं. आजोबांची तर तिथे संसाराची ३८ वर्षं गेली होती.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि कितीला विकाल म्हणून विचारलं. बाकीच्यांना कितीला घ्याल ते विचारलं. विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत सांगितली. आणि ते कप हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. मी हे सांगितल्यावर नवरा पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "म्हणजे आजोबा लबाडी करत नव्हते?" नव्हते. पण म्हणून त्यांचा आकडा बरोबर ठरत नाही, हेही मी त्याला सांगितलं.

पुढची दोन सत्रं आम्ही आजोबांबद्दल बोललोच नाही. दोघांनी मिळून त्या भागात गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या घरांचे आकडे आणायचे, मागितलेले नव्हेत. दुरुस्तीचा खर्च कारागिराकडून लिहून घ्यायचा. बँक कर्ज देताना स्वतः करून घेतलेल्या मूल्यांकनाकडे बघते, मालकाच्या अपेक्षेकडे नाही. वरची रक्कम खिशातून जाते, तर तो खिसा किती खोल आहे ते बघायचं. मग प्रत्येकाने आपली शेवटची मर्यादा एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायची.

कागद उघडले तेव्हा दोघांच्या आकड्यांत ७ टक्क्यांचा फरक निघाला. खरी घासाघीस इथे झाली. तिला वाटत होतं, हा पैशाला चिकटलाय. त्याने सांगितलं तेव्हा कळलं, की वडिलांनी झेपेना असं कर्ज काढलेलं आणि दर महिन्याच्या हप्त्याच्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नसे. नऊ वर्षांत तिने हे ऐकलं नव्हतं. बराच वेळ दोघं रडली. नंतर आकडा ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. माझा अनुभव असा, की विक्रेत्यासमोर पाय डगमगतात ते बहुतेकदा घरातला हा आकडा ठरलेला नसतो म्हणून.

आजोबांकडे पुन्हा जायचं ते आकडा न घेता, असं मी सुचवलं. आधी माफी, मग एकच प्रश्न: घर सोडताना तुम्हाला काय अवघड जातंय? पण एक अट घातली. दुःख बोलतं करून भाव पाडायचा असेल, तर जाऊच नका. ऐकण्याची तयारी असेल तरच विचारा.

दोघं गेले. आजोबा दीड तास बोलले. त्यांनी आणि पत्नीने लावलेलं झाड, पत्नीची न आवरलेली कपाटं. आणि किंमत? तीन वर्षांपूर्वी बाजार तेजीत असताना शेजारचं घर त्या भावाला गेलं होतं. "आपलं यापेक्षा कमीत द्यायचं नाही," असं पत्नी म्हणाली होती. आकड्याचा खुंटा तिथे होता. बोस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली मांडला, त्यातही हेच दिसतं. ज्यांना खरेदीपेक्षा कमी पैसे मिळणार होते त्यांनी किंमत चढी लावली आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहिली. इथे खरेदीच्या किमतीची जागा शेजारच्या आकड्याने आणि दिलेल्या शब्दाने घेतली होती.

आठवड्याने त्यांनी लेखी प्रस्ताव दिला. दोषांची यादी नाही, विकल्या गेलेल्या चार घरांचे आकडे. रक्कम मर्यादेच्या थोडी खाली, ताबा सात महिन्यांनी, कपाटं आवरायला हवा तेवढा वेळ, आणि उत्तराआधी मुलांशी बोलण्याची विनंती. अशा सवलतींनी कधी कधी व्यवहार जुळतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना मालकाने केवळ उशिरा ताबा घेण्याच्या बोलीवर भाव बराच सोडला होता.

आजोबा ४ टक्के उतरले. हे दोघं मर्यादेपर्यंत चढले. तरी अंतर उरलं. त्या रात्री तिचा मला फोन आला, "अजून थोडं वाढवू का?" मी म्हटलं, "कागद कुठे आहे? दोघांनी मिळून वाचा." त्यांनी वाढवलं नाही.

पाच दिवसांनी आजोबांनी एजंटमार्फत नव्हे, स्वतः फोन केला. "तुम्ही विचारलंत तेव्हापासून विचार करतोय. मला विकायचंच नाहीये. मुलांना नाही म्हणवत नव्हतं, म्हणून भाव सोडत नव्हतो. काल सांगितलं त्यांना."

घर हातचं गेलं, आणि तिला खूप लागलं. पुढच्या सत्रात आम्ही फक्त त्याबद्दलच बोललो. निघताना नवऱ्याने विचारलं, शनिवारी पंधरावं घर बघायचंय, खिडकीची जागा मोजायला टेप घेऊ का? ती म्हणाली, घे.